पायरीवरचा डबा

"मोजे घाल हातात," मॅडम म्हणल्या. "बघवत नाहीत ती बोटं."

मार्चचं ऊन, अन् लोकरीचे मोजे. त्यांच्या पोराचे जुने. सगळा पाचवीचा वर्ग माझ्याकडं बघत होता. मी नखांच्या कडेची सालं काढायचे, रक्त येईपर्यंत. कधी सुरू झालं ते मलाच कळायचं नाय. फळ्यावर गणित, माझं ध्यान खिडकीतल्या कबुतरावर, अन् बोटं आपल्या कामाला लागलेली. घरी मायनं कारल्याचा रस लावला, फटके दिले. काय फरक नाय.

मॅडमनी एका वाक्यात निदान केलं. "तुमच्या वस्तीत अंघोळ करतात का गं? खरूज आहे ही. बाकीच्या पोरींना लागेल."

मधल्या सुट्टीत पोरी वर्गात गोल करून जेवायच्या. मला बाहेर पायरीवर बसवलं. चपलांशेजारी.

त्या दिवशी डबा घरी विसरले होते. रोजचंच होतं माझं. माय वाळूजला कंपनीत पॅकिंगला, त्या दिवशी दुपारची पाळी, म्हणून डबा घेऊन आली. तिनं मला बघितलं. पायरीवर. हातात मोजे.

माझ्या आज्ज्याला गावाकडं शाळेच्या पायरीवर बसवायचे. माय दरवर्षी जयंतीला हे सांगायची. "आता आपलं कोणी भाईर बसत नाय," म्हणायची, छाती फुगवून.

मला वाटलं, आता माय भांडणार. नळावर कोणाचं ऐकायची नाय ती. पण मॅडम दारात आल्या अन् मायनं हात जोडले. माझा प्रवेश फुकटच्या कोट्यातला, त्याचीच धास्ती. "चुकलं मॅडम. धुऊन पाठवत जाईन पोरीला. काढू नका."

धुऊन! मी काय फडकं होते?

माझं डोकंच सटकलं. मॅडमपेक्षा मायचा राग आला. दातांनी मोजे ओढले, मॅडमच्या पायाशी फेकले. मायच्या हातातला डबा हिसकला अन् थेट आत, पोरींच्या मधी जाऊन बसले. भाकरी अन् ठेचा. सोललेल्या बोटांची नुसती आग आग झाली, डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. पोरी सरकल्या. मी शेवटचा घास खाईपर्यंत उठले नाय.

"उद्धट कार्टी," मॅडम म्हणल्या.

व्हय. उद्धट.

पुढं सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, ही खरूज नाय, कोणाला लागत नाय. ज्या पोरांचं ध्यान टिकत नाय, त्यांच्यातल्या लई जणांची बोटं असा चाळा करतात. मारून जात नाय. माय तिथंच रडली. मॅडमना जाऊन सांगितलं, तर म्हणल्या, "आजकाल प्रत्येक घाणेरड्या सवयीला आजाराचं नाव निघतंय."

आता मी कॉलेजात आहे. औषध चालू आहे. कमी झालंय, गेलं नाय. परवा मेसमधी एक जण माझ्या बोटांकडं बघून म्हणली, "तू जरा तिकडं बसून खाशील का?"

मी ताट उचललं अन् तिच्या आणखी जवळ सरकले. बोटं बरी व्हायची तेव्हा होतील. तोवर ह्याच बोटांनी, मधी बसून जेवणार. ज्याला चालत नसंल, त्याला पायरी मोकळी आहे.