रांजणातला हाली रुपया

आमच्या गावाहून, झरीहून, पहिल्यांदा बंगळुरूला निघालो, तेव्हा आईनं एसटीच्या खिडकीतून एक कॅन आत ढकललं. आमच्या रांजणातलं पाणी. "परमुलखाचं पाणी बाधतंय. दोन दिस हेच पी. रुपाया हाय त्यात, काय व्हत न्हाई." कॅन मूळचं करडईच्या तेलाचं. बंगळुरूपर्यंत मी तेलकट वासाचं पाणी प्यालो, शेजारच्या भल्या माणसालाही पाजलं. तो पुढच्या स्टँडवर जागा बदलून बसला.

रुपाया म्हणजे हाली रुपया, निजामाच्या वेळचा, चांदीचा. आमचा रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला, तो रुपया त्याच्या तळाशी. रांजण विसळायचा, पण रुपयाला हात लावायचा नाही. लक्ष्मी जागची उठते म्हणे. गाव सोडलेल्या मंडळींनो, आपण शिकलो की आधी घरालाच हसतो. मीही पोटभर हसलो.

पुढं नोकऱ्या बदलत पन्नाशीत येऊन पडलो ते बंगळुरूच्याच एका प्रयोगशाळेत. अंतराळयानातल्या पिण्याच्या पाण्यात जंतू होऊ द्यायचे नाहीत, हे काम. पहिल्याच आठवड्यात कळलं, पाण्यात कणभर चांदी विरघळवतात. मी उडालोच! आईला फोन लावून ओरडलो, "आई, तुझा रुपया आभाळात चाललाय!" आईनं ही बातमी अख्ख्या गल्लीला ऐकवली.

बातमीचा अर्धा भाग मात्र सांगायचा राहिला. यानातली ती चांदी हळूहळू टाकीच्या भिंतीलाच चिकटते आणि पाणी उघडं पडतं. मग नळीच्या आत बुळबुळीत थर धरतो, त्यात जंतू सुखानं नांदतात, आणि पाणी दिसतं नितळ. म्हणून आम्ही पुन्हा पुन्हा तपासतो.

चार महिन्यांनी गावी आईजवळ राहणाऱ्या वहिनींचा फोन आला. "भावजी, आत्याबाईंना परभणीला अ‍ॅडमिट केलंय. टायफॉइड हाय. तुमच्या फोनापासून पाणी उकळूच द्यायल्या न्हाईत. आमी मुकाट बाटलीतलं प्यायलोत."

दवाखान्यात सलाईन लावलेली आई मलाच धीर देत होती. "रुपाया असून कसं झालं रं? तूच म्हणला न्हवं, आभाळात बी हेच टाकतेत?"

घरी येऊन रांजण उपसला, तळाशी हात घातला. रुपया बोटांतून निसटला. शेवाळी, बुळबुळीत. प्रयोगशाळेत असला थर मी भिंगाखाली शोधतो. इथं तो बोटाला जाड लागत होता. दुसऱ्यांच्या पाण्याची राखण करणारा मी, आणि माझ्या आईनं हे पाणी चार महिने प्यायलं, माझ्या एका फोनावर.

आई वाचली. आता पाणी उकळतं, आणि रुपया चिंचेनं घासून देवघरात बसलाय. लक्ष्मी उठली नाही, फक्त जागा बदलली, असं आईचं म्हणणं.

परतताना तिनं कॅन दिलंच. "उकळलंय, बघ," म्हणाली, जरा घुश्शातच. बंगळुरूला माझ्या शब्दावर कुणी घोटभरही पाणी पीत नाही. तीन तपासण्या, दोन सह्या लागतात. त्याचा मला पूर्वी राग यायचा. झरीला मात्र मी काही बोललो की आई ते न गाळता पिते. घर म्हणजे माझ्यासाठी आता एवढंच. फोन लावण्याआधी भीती वाटते, पण लावतो.