माझ्या आजोबांचा जोहार

“लोअर,” ऑलिव्हर म्हणाला. “अजून लोअर.”

मी वाकलेलाच होतो. उजव्या हाताची बोटं गालिच्याला टेकलेली, डावा हात छातीशी. कमरेत कळ आलेली. लीड्सच्या बाहेर एका उमरावाचं जुनं घर मालिकेच्या शूटिंगला घेतलं होतं. मी त्यातला हिंदुस्थानी नोकर. साहेबानं येताना हत्तीच्या दातांबरोबर आणलेला.

“नाक पायपुसण्याला लागू दे,” ऑलिव्हर म्हणाला. तो आमचा दिग्दर्शक. माझ्याहून बराच लहान. “कुत्रा बिस्किट हुंगतो ना, तसं.”

लाइटवाले हसले. साउंडची मुलगी हसली. मीही हसलो. माझं तोंड खाली होतं, कुणाला दिसलं नसेल. पण हसलो.

मग नाक पायपुसण्याला लावलं.

“कट. ब्रिलियंट. हे तू आणतोस कुठून?”

“असंच. सुचलं.”

सुचलं नव्हतं. ते माझ्या आजोबांचं होतं.

मी कॅरेक्टर ॲक्टर आहे. लोकांना ज्याचा चेहरा आठवतो आणि नाव आठवत नाही, तो. ट्यूबच्या भुयारी गाडीत कुणीतरी टक लावून बघतं आणि विचारतं, तुम्ही आमचे डेंटिस्ट का? मी दुकानदार केले, टॅक्सीवाले केले, हॉस्पिटलमध्ये वाईट बातमी सांगणारे डॉक्टर केले. मग काही वर्षं नुसते बॉम्बवाले. आमच्या धंद्यात माणसं उचलतात. याचा खोकला, त्याची चाल, तिसऱ्याचं पैसे मोजताना ओठ हलवणं. सगळेच उचलतात. त्यालाच अभ्यास म्हणतात.

आजोबांना मी पाहिलं नव्हतं. मी ते पाहिलं बाबांना करताना, एकदाच.

चौथीपर्यंत मी साताऱ्याकडे होतो. मग बाबांनी आईला आणि मला लीड्सला आणलं. ते बसवर कंडक्टर होते. वळणावर बस कलली, सगळे दांड्याला लटकले, तरी बाबा सरळ. घरीही तसेच. काऊन्सिलच्या ऑफिसात, बुद्धवंदनेला, दवाखान्यात, सगळीकडे छाती पुढे. एकदा मी चेष्टेत विचारलं, “बाबा, तुम्ही पोलिसासारखे का उभे राहता?”

त्यांनी चहाचा कप ठेवला. स्वयंपाकघरातल्या लिनोलियमवर वाकले. बोटं जमिनीला, मग कपाळाला. पाठ अशी, की आत हाडच नाही. ते माझे बाबा वाटेनात.

“जोहार,” ते खालूनच म्हणाले. “तुझे आजोबा पाटलाच्या दारात असं करायचे. रोज. मी शेजारी उभा असायचो.”

उठले. नळाखाली हात धुतले.

“बघितलंस. परत दिसणार नाही.”

ऑडिशनला ऑलिव्हर म्हणाला, आत ये आणि मालकाला सलाम कर, तुला हवा तसा. माझ्या आधी आत गेलेल्या सगळ्यांनी नमस्कार केला असणार. मला काम हवं होतं. मी जोहार केला. काम मला मिळालं.

मालिकेत हॅरोल्ड होता. अमेरिकन, सत्तरीच्या पुढचा. साहेबाच्या श्रीमंत सासऱ्याचं काम करायचा. कसायाचा मुलगा, ओहायोच्या कुठल्याशा छोट्या गावातला. त्यानं जन्मभर हेच केलं होतं. न्यायाधीश, दारुडा बाप, पाद्री, शेरीफ, रशियन हेर. मेकअपच्या व्हॅनमध्ये तो डोळे मिटून बसायचा, आणि उघडायचा तेव्हा दुसराच माणूस. मी त्याच्यासाठी लवकर यायचो, नुसतं बघायला.

त्याच दिवशी, पायपुसण्यानंतर, मी त्याला विचारलं, “तू असं काही केलंयस? नको वाटणारं?”

“सगळंच,” तो म्हणाला. “डोळ्यांना चिकटपट्टी लावून चिनी केलाय. तोंडाला काळं लावून अरब. तुमच्यातलाही केलाय एकदा. मान हलवत.” त्यानं मान हलवून दाखवली. “बक्षीस मिळालं होतं त्याला.”

मी त्याच्या शेजारी बसलो.

“माझी कला वगैरे काही नाही रे. मी कधी नाही म्हणालो नाही, एवढंच. त्याला हे लोक व्हर्सटाइल म्हणतात.” त्यानं माझ्या गुडघ्यावर थोपटलं. “कर तू. जेवढं वाकवतील तेवढा वाक. लक्षात राहशील.”

मला ते गुरूचं बोलणं वाटलं. खरंच वाटलं. मी घरी जाऊन बाबांना सांगितलं की एवढा मोठा अमेरिकन नट मला शिकवतो. शूटिंगपुरता मी त्यांच्याकडेच राहत होतो. आई गेल्यापासून ते एकटे.

पुढच्या भागात महाराजा जेवायला येणार होता. त्याच्या लवाजम्याला म्हातारे हिंदी लोक हवे होते. प्रॉडक्शनची मुलगी कुणी आहे का विचारत होती. मीच बाबांचं नाव दिलं. बाबांना माझं काम बघायचं होतं. आणि मला ते त्यांना दाखवायचं होतं. माझा वाकायचा सीन त्या दिवशी नाही, असं वेळापत्रकात होतं. म्हणून मी निर्धास्त होतो. एवढाच विचार केला मी. बाबांना दिसणार नाही, एवढाच.

बाबांना फेटा बांधला, अंगरखा घातला. आरशात बघून म्हणाले, “पाटीलच झालो की रे.” हसले. जेवणाच्या ट्रकवर दोन वेळा पुडिंग घेतलं. कॅमेरावाल्याला त्याचा रूट विचारला आणि कुठली बस बरी पडेल ते सांगितलं.

मग ऑलिव्हर आला. म्हाताऱ्यांची रांग बघितली. सगळे आपले सरळ उभे.

“डल आहे,” तो म्हणाला. मग त्याला मी दिसलो. “अरे, तुझं ते! सगळ्यांना करायला लावू. साहेब आत आला की अख्खी रांग खाली. तू शिकव त्यांना.”

मी रांगेकडे बघितलं.

“इकडून सुरू कर,” त्यानं बाबांकडे बोट केलं. “हा आजोबा चांगला उंच आहे. उंच माणूस वाकला की मजा येते. एकदा करून दाखव त्याला.”

मी हललो नाही.

“कम ऑन. ते कुत्र्याचं.” आणि मला कळलं नसेल असं समजून त्यानं स्वतःच केलं. बोटं जमिनीला, मग कपाळाला. वाईट केलं, पण ओळखू येत होतं.

बाबांनी त्याच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे.

“हे तू यांना दिलंस?” त्यांनी मराठीत विचारलं. आवाज चढवला नाही.

“काय म्हणतोय तो?” ऑलिव्हर म्हणाला.

हॅरोल्ड बाजूच्या खुर्चीत बसला होता. सगळं त्याच्या समोर चाललं होतं. त्यानं चष्मा लावला आणि स्क्रिप्ट उघडलं. पान उलटलं. मला तेव्हा त्याचा राग आला नाही. भीती वाटली. ती खुर्ची माझी होती. अजून काही वर्षांनी मी तिथे बसणार होतो, सगळ्या भूमिका करून झालेला, आणि कुणाचा तरी बाप वाकवला जात असताना पान उलटणार होतो.

“ते विचारताहेत, हे तुम्हाला कुणी दिलं,” मी ऑलिव्हरला म्हणालो. “मी दिलं. माझं नव्हतं ते. ते वाकणार नाहीत. मीही नाही. यापुढे एकदाही नाही.”

“इट्स जस्ट अ बाऊ, मेट.”

“मग तू कर. तुला येतं आता.”

कुणी हसलं नाही. साउंडच्या मुलीनं हेडफोन काढले.

“तुझे चार सीन उरलेत,” ऑलिव्हर म्हणाला. आता तो हळू बोलत होता, लहान मुलाला समजावतात तसा. “भावनेच्या भरात काही बोलू नकोस. एक मिनिट बाहेर जा, पाणी पी.”

“मी भावनेच्या भरात वाकलो होतो का?” मी विचारलं. “वाकलो तेव्हा तर कुणी पाणी विचारलं नाही.”

बाबांनी फेटा सोडला. नीट गुंडाळून कपडेवाल्या बाईच्या हातात दिला, थँक यू डिअर म्हणाले, आणि दाराकडे चालू लागले. मी मागे.

बसस्टॉपवर वारा होता. मला वाटलं, पाठीवर हात ठेवतील. ठेवला नाही.

“नाही म्हणालास, ते बरं केलंस,” ते म्हणाले. “पण नेऊन दिलंस तूच. मी तुला ते कशासाठी दाखवलं होतं?”

बस आली. बाबा आत दांडा न धरता उभे राहिले, रिकाम्या सीट असूनही.

माझं काम दुसऱ्याला दिलं. पण आधी चित्रित झालेले भाग टीव्हीवर लागले. पायपुसण्याचा सीनही लागला. ऑफिसात, पबमध्ये लोक हसले असतील. ते मला परत घेता येत नाही. माझी एजंट म्हणाली, तुझ्याबद्दल आता लोक डिफिकल्ट म्हणतात. फोन कमी येतात. येतात तेव्हा मी आधी विचारतो, यात माणूस उभा कसा राहतो? पलीकडे शांतता असली की मी फोन ठेवतो.

बाबा गेले. त्या दिवसाबद्दल परत कधी बोलले नाहीत.

माझी मुलगी आता नाटक शिकते. एजवेअरला आमच्या घरी, किचनमध्ये, परवा तिनं विचारलं, “बाबा, तुझे आजोबा पाटीलला करायचे, ते ग्रीटिंग, मला दाखव ना. आमच्या नाटकाच्या पीससाठी. आय विल बी रिस्पेक्टफुल, प्रॉमिस.”

ती करेलही नीट. माझ्यापेक्षा चांगली नटी आहे ती.

“नाही,” मी म्हणालो.

“जस्ट वन्स.”

“एकदाही नाही. बस. सांगतो.”

मी तिला सगळं सांगितलं. पाटलाचं दार, बाबांचं लिनोलियम, पायपुसणं, हॅरोल्डनं उलटलेलं पान. कोण वाकलं, कुणी वाकवलं आणि कुणी विकलं, तेही. हे तिनं जगभर सांगावं, नाटकात लिहावं, ओरडून सांगावं. पण त्या वाकण्याला आमच्या घरातलं आणखी एक अंग मिळणार नाही. सांगताना मी उभा होतो. सरळ.