मॅग्नम रायफल आणि काकांचा बैल

रानडुकरांनी हरभऱ्याची माती केली, तेव्हा मी वनखात्याची परवानगी काढली आणि नेरहून माझा मामेभाऊ आला. तो फौजेतून निवृत्त झालेला. बारा बोअरची बंदूक आणतो म्हणत होता. मीच हट्ट धरला, "दादा, तुही मॅग्नम आण ना. डुक्कर जवळ कुठं येऊ देते!"

खरं म्हणजे मला ती रायफल पाहायची होती. सकाळी शेताच्या धुऱ्यावर, बांधावर बसून त्यानं एक काडतूस माझ्या तळहातावर ठेवलं. बोटाएवढं लांब, पोटाला जाड, मानेशी निमुळतं. पोटात दारू जास्त, म्हणून दाब जास्त, म्हणून वेग. ते ज्या पोकळीत बसतं ते चेंबर इतकं नेमकं कोरलेलं, की गोळी नळीत शिरताना तसूभर हलत नाही.

"आवाजाच्या अडीचपट पळते," दादा म्हणाला. "ज्याले लागली, त्याले आवाज मागून पोचते."

मी भारावून ऐकत होतो.

डुक्कर दिसलं. नेम धरण्याआधी दादानं विचारलं, "त्याच्या मांगं काय आहे?"

"नाला. तिकडं कोणी नसते."

नाल्यापलीकडे तांड्यावरच्या काकांचं वावर होतं, हे मला ठाऊक होतं. पण घाटंजीचा बाजार होता. काका गेले असतील, असं मी मनानंच धरलं.

गोळी डुकरातून आरपार गेली. ते जागीच पडलं. मी टाळी वाजवली, आणि नाल्यापलीकडून ओरडणं ऐकू आलं.

आम्ही धावलो. काकांचा बैल आडवा पडला होता, मानेतून रक्त वाहत होतं. काकांच्या हातात कासरा तसाच.

"उभ्या उभ्या पडला रे," ते म्हणाले. "आवाज तं मंग आला."

पंचनामा झाला, रायफल जमा झाली. "गोळी म्या चालवली," एवढंच दादानं पोलिसांना सांगितलं. मला काय विचारलं होतं, ते त्यानं काढलंच नाही. माझीही जीभ उचलली नाही.

संध्याकाळी मात्र मी तांड्यावर गेलो. "काका, तिकडं कोणी नसते, असं मीच सांगतलं त्याले."

काकांनी बैलाच्या रिकाम्या दावणीकडे पाहिलं. "लहानपणापासून तू मले त्या वावरात पाह्यतं," ते म्हणाले. "मी कोणीच नाही काय रे?"

 

सकाळी मी माझी बैलजोडी त्यांच्या दारात नेऊन बांधली. त्यांनी एक ठेवून घेतला, दुसरा परत धाडला. "माहा एकच गेला," असा निरोप आला.

काका दिसले की रामराम घेतात. पूर्वी बांधावर थांबून तमाखू पुढं करायचे, आता थांबत नाहीत.

परवा दादाचा फोन आला. "काका बोलतेत काय तुह्यासंगं?"

"बोलतेत," मी म्हणालो. कसे, ते सांगितलं नाही.