शून्याला शाब्बासकी

मुलीच्या गणिताच्या वहीत लाल शाईत शून्य दिसलं आणि शेजारी तितक्याच लाल शाईत 'शाब्बास!' कुणाला काही न विचारता मी पानाचा फोटो सातवीच्या पालकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आता शून्यालाही शाब्बासकी!' हसरे चेहरे धडाधड आले. विनोद जमला म्हणून मी खुशीत आणखी एक कप चहा मागितला.

आठवड्याभरात मुलुंडच्या तिच्या शाळेने गणिताच्या पेडणेकर बाईंना काढलं. बाई कंत्राटावर, शाळेला फक्त निमित्त हवं होतं, ते मी आयतं पुरवलं.

"बाबा, ते मार्क नव्हतेच!" मुक्ता माझ्यावर किंचाळली.

बाई डब्याखाली चार बटणं ओळीने लपवायच्या. रंग सहा, एकच रंग पुन्हा आला तरी चालेल. मुलांनी ओळ सुचवायची, त्यातले किती रंग डब्याखाली आहेत ते बाई सांगणार. शक्यता बाराशे शहाण्णव. मुक्ताने चार वेगळे रंग लावले, एकही जुळला नाही, म्हणून वहीत ते शून्य. म्हणजे उरले दोनच रंग, शक्यता फक्त सोळा! अशा वेळी बाईंना मालवणी फुटायची, "शून्य इला रे! वाजवा टाळ्ये!" आणि कुणी उगाच रंग फेकला की गरजायच्या, "मटका लावतोस काय रे? कारण सांग!"

मी भांडुपला त्यांच्या घरी गेलो. त्यांनी दारातच अडवलं.

"बसा म्हणणार नाही. सातवीतली पोरं एक रंग लावताना दहादा विचार करतात हो. तुम्ही एक प्रश्न विचारला नाहीत. मला नाही, पोरीला नाही. या वयात मला आता कुठली शाळा घेणार?"

"सॉरी, बाई."

"ते शाळेत जाऊन बोला."

गेलो. मुख्याध्यापक म्हणाले, "पालकांच्या भावनांचा प्रश्न आहे."

"अहो, तो पालक मीच ना!"

"मग आता भावना बदलल्या वाटतं?" माणूस चक्क हसला. मी टेबलावर मूठ आपटली. त्यांचा चहा माझ्याच पँटवर सांडला. तरी थांबलो नाही. खोटारडे म्हणालो, भित्रे म्हणालो. बाई काही परत आल्या नाहीत.

घरी येऊन बायकोला सगळं साभिनय सांगितलं. "असा झापला ना त्याला!"

ती पँटवरचा डाग बघत म्हणाली, "झापलास, पण केबिनचं दार लावून. बाईंची शोभा मात्र सगळ्यांसमोर केलीस."