‘आंडोर’चा अर्थ कळवावा

‘शे’ म्हटलं की पट्टी, असा माझ्या वर्गाचा नियम होता. ‘आहे’ म्हणायचं. ‘शे’ घरी, चुलीपाशी, बैलांपाशी. शाळेत नाही म्हणजे नाही.

मी काही पुण्याहून आले नव्हते. मीही खानदेशचीच, माझ्याही घरात सगळं अहिराणीतच चालायचं. पण धुळ्याला शिक्षिकेचं ट्रेनिंग घ्यायला गेले, पहिल्याच दिवशी “मन्ही पेटी कोठे शे” असं विचारलं आणि अख्खं वसतिगृह हसलं. पुढे महिनाभर माझं नावच ‘शे’ पडलं होतं. तेव्हाच ठरवलं, माझ्या हाताखालच्या पोरांवर ही वेळ येऊ द्यायची नाही. हेतू चांगलाच होता हो. पण हेतू चांगला असला की हात जरा जास्तच जोरात बसतो, आणि मी तर मुळातच तापट.

शाळा तापीकाठच्या गावात, शहाद्याच्या बाजूला. चौथीत एक पोरगा होता, वयानं थोराड, बारा-एक वर्षांचा. पुस्तकात ठळक ‘आहे’ छापलेलं असायचं आणि हा त्यावर बोट ठेवून ‘शे’ वाचायचा! “तापी ही आमची नदी शे.” वर्ग खिदळायचा. एक दिवस माझं डोकं फिरलं. मारत सुटले ते पट्टी मोडेपर्यंत. तो रडलासुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी घरातून नाहीसा झाला. नंदुरबारला त्याला सुरतेच्या गाडीत चढताना कुणीतरी पाहिलं होतं.

त्यानंतर मी पट्टी हातात धरली नाही. गावानं मला एका शब्दानं बोल लावला नाही, तेच जास्त लागायचं. त्याची आई गुजरांच्या शेतात कापूस वेचायची. रस्त्यात भेटली की खाली बघून “राम राम बाई” म्हणायची आणि पुढे जायची. एकदा तरी शिव्या घाल ना गं बाई, असं वाटायचं.

पुढच्या हिवाळ्यात आमच्या काठावर सिनेमावाले आले. मराठी सिनेमा होता. दिग्दर्शक चष्मेवाले, मऊ बोलणारे. गावाची बोली त्यांना कळेना, त्यांची गावाला कळेना, म्हणून मधली बोलणारी मी. एका दृश्यात लांब काठावर उभी राहून मुलाला हाक मारणारी आई हवी होती. त्यांनी बायकांमधून नेमकं त्या पोराच्या आईलाच निवडलं. “तुझ्या भाषेत हाक मार. काय वाटेल ते म्हण.” मी तिला ते समजावून सांगितलं आणि शाळेची पोरं कॅमेऱ्यासमोर धावू नयेत म्हणून त्यांना आवरायला मागे गेले. वारं सुटलं होतं. मला तिचे पहिले दोन-चार शब्द ऐकू आले तेवढेच.

आठ-नऊ महिन्यांनी पत्र आलं. परदेशात सिनेमांची एक मोठी स्पर्धा असते, त्यात त्यांच्या भाषेत नसलेल्या चित्रपटांसाठी वेगळं बक्षीस ठेवलं आहे आणि प्रत्येक देशानं आपला एकच चित्रपट पाठवायचा असतो. आपल्या देशातून कुठला जावा हे ठरायचं आहे, आमचाही पुढे ठेवला आहे. तिकडच्या लोकांना आपली भाषा परकी, म्हणून प्रत्येक वाक्याखाली इंग्रजी लिहायचं आहे. सगळं झालं, एक वाक्य अडलं आहे. ‘आंडोर’ म्हणजे काय? मध्येच ‘बाई’ म्हणते ती कोण? शेवटचं वाऱ्यामुळे नीट कळत नाही. अर्थ मराठीत उलट टपालानं कळवावा, इंग्रजी आम्ही करून घेऊ. वाक्य कथेला धरून नसेल तर काढावं लागेल, तसंही स्पष्ट लिहावं.

आंडोर म्हणजे मुलगा, ते ठीक. पण त्या ‘बाई’पाशी मी थबकले. गावात बाई एकच, मी!

शाळा सुटल्याबरोबर शेतात गेले. ती ओटीत कापूस भरत होती. मी धापा टाकत विचारलं, “अगं, त्या दिवशी हाक मारलीस, त्यात नेमकं काय म्हणालीस?”

तिनं हात थांबवला. मग सरळ सांगितलं, “ये रे मन्हा आंडोर, घर ये. बाई आते मारस नही.”

“बाई आता मारत नाही,” मी ते मराठीत मोठ्यानं म्हणून पाहिलं.

“तुमले राग उना का, बाई?” तिनं घाबरून विचारलं. “तो सुरतले शे. टॉकीजना बाहेर शेंगा इकस, आसं लोके सांगतस. सिनेमा तठे लागी ना? मंग तो आयकी.”

म्हणजे कॅमेऱ्यासमोर उभी राहून ती सिनेमातल्या पोराला बोलावत नव्हतीच, सुरतेत टॉकीजबाहेर शेंगा विकणाऱ्या आपल्या पोराला बोलावत होती. मी तिला सांगितलं की सिनेमा कदाचित परदेशी जाईल. ती म्हणाली, “परदेश म्हन्जे सुरतना पुढे का?”

“खूप पुढे.”

“मंग सुरत वाटमा लागीच की!” ती हसली. पोरगा गेल्यापासून मी तिला हसताना पहिल्यांदा पाहत होते.

चार दिवस माझा जीव टांगणीला. खरा अर्थ कळवला तर वाक्य कापणार, कारण त्यांच्या कथेत कुठली मारकुटी बाई नव्हती. मग हिची हाक सुरतेला पोचणार कशी? आणि खोटा कळवला तर पोरांना ‘खोटं बोलू नये’ शिकवणारी मी कोण? पण थांबा, हा झाला सोज्वळ हिशेब. खरं सांगते. पहिल्या रात्री मला भीती वाटली ती फक्त माझ्या अब्रूची. देशोदेशीचे लोक बसलेत, पडद्यावर अक्षरं उमटताहेत, बाई आता मारत नाही, आणि सगळे विचारताहेत, कोण ही बाई? त्या माउलीचा विचार नंतर आला. आला तेव्हा मला केवढं हायसं वाटलं! खोटं लिहायला चांगलं कारण सापडलं होतं.

पत्र सात वेळा फाडलं. शेवटी लिहिलं, “अर्थ असा: ये रे बाळा, घरी ये. सांज झाली आहे.” वाक्य कथेला धरूनच आहे, असंही वर लिहिलं. पोस्टाच्या पेटीत पाकीट सोडलं आणि लगेच वाटलं, हात घालून परत काढावं. तिला मात्र सगळं सांगितलं, काय लिहिलं ते, आणि का लिहिलं ते. अर्धंच ‘का’ सांगितलं. तिनं माझ्या पायाला हात लावला. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

पुढे कळलं, देशातर्फे दुसराच चित्रपट गेला. आमचा इथेच राहिला. म्हटलं, बरंच झालं, आता तो सुरतेला तरी लागेल. आधी नंदुरबारला लागला. एका रविवारी दुपारच्या खेळाला आम्ही दोघी एसटीनं गेलो. तिनं धुतलेलं लुगडं नेसलं होतं, केसांना तेल लावलं होतं. टॉकीजमध्ये तिनं माझं मनगट धरलं ते सोडलंच नाही.

तापी आली. काठ आला. काठावर ती आली, लहानशी, पदर वाऱ्यावर. तिनं तोंड उघडलं.

“ये रे बाळा, घरी ये. सांज झाली आहे.”

कुण्या शिकलेल्या नटीचा आवाज होता. गोड, स्वच्छ, प्रत्येक अक्षर सुटं. माझंच वाक्य, शब्दाला शब्द. वाऱ्यात न कळणारा तिचा आवाज त्यांनी पुसून टाकला होता आणि मी पाठवलेला अर्थ तिच्या तोंडात घातला होता. पडद्यावर तिचे ओठ मात्र ‘आंडोर’च म्हणत होते.

माझ्या मनगटावरचा हात सुटला.

“हाऊ मन्हा आवाज नही शे,” ती हळूच म्हणाली.

बाहेर उन्हात आल्यावर तिनं विचारलं, “तुमीन लिखं तेच ती बोलनी ना?”

“हो.”

“तुमनी मराठी चांगली शे, बाई.” टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर सोसला असता. मी तिथेच रस्त्यात रडले. शेंगा-फुटाणेवाले बघायला लागले. मग डोळे पुसले आणि म्हटलं, “चल स्टेशनावर.”

“कोठे?”

“सुरतले.” घराबाहेर कित्येक वर्षांनी असं बोलले.

रात्र सुरतेच्या स्टेशनावरच्या बाकावर काढली, सकाळी टॉकीज शोधायला लागलो. पहिल्या टॉकीजसमोर ती हाक मारायला तिचा आवाज फुटेना. एवढी गर्दी, एवढ्या मोटारी, ती बावरून गेली. माझाही फुटेना. दुसऱ्या टॉकीजसमोर मी तोंड उघडलं आणि मिटलं. तिथे कुणी ओळखीचं नव्हतं, तरी लाज वाटत होती. तिसऱ्यापाशी खेळ सुटला होता, शेंगावाली पोरं टोपल्या घेऊन माणसांमागे धावत होती. मी पायरीवर चढले आणि वर्गात ओरडायची तशी ओरडले, “ये रे मन्हा आंडोर, घर ये! बाई आते मारस नही!”

माणसं वळून पाहायला लागली. कुणी हसलं. एक टोपली मात्र जागच्या जागी थांबली. पोरगा उंच झाला होता, ओठावर मिसरूड आली होती. तो जवळ आला नाही. माझ्याकडे न बघता, आईकडेही न बघता त्यानं टोपलीकडे पाहत विचारलं, “कोनती बाई?”

“मी शे,” मी म्हणाले.