आजीचं शुद्ध ‘नाही’

माझ्या आजीने माझं लग्न एका शब्दात मोडलं होतं, आणि तो शब्द अगदी शुद्ध होता.

आजी म्हणजे कर्जत तालुक्यातल्या गावोगावच्या शाळांत शिकवून निवृत्त झालेल्या बाई. जन्मभर तिने एकच लढाई लढली, ‘हाय’चं ‘आहे’ आणि ‘नाय’चं ‘नाही’ करण्याची. निवृत्तीनंतर वर्ग गेला, खोड राहिली. भिसेगावात आमच्या दारावर येणारी भाजीवाली ‘वांगी ताजी हायत’ म्हणाली, की ती ‘आहेत’ म्हणेपर्यंत आजी पिशवी पुढे करत नसे. (तिने शेवटी आमची गल्लीच सोडली.) माझ्यावर मात्र आजीचा भारी जीव. मी तापाने फणफणले की ती उशाशी बसून राहायची, मी ग्लानीत काय बडबडते ते ऐकायची, आणि तेही सुधारायची!

तर मला महेश आवडला. खोपोलीत आम्ही एकाच कारखान्याच्या ऑफिसात होतो. त्याचे वडील खालापूरकडचे शेतकरी, आणि त्यांना शिकलेल्या घरातली सून नकोच होती. ही माणसं आपल्या बोलण्याला हसतात, असं त्यांचं ठाम मत. महेशने महिनोन्महिने विनवण्या करून त्यांना कसंबसं आमच्याकडे यायला तयार केलं. म्हणजे संधी ही एकच, आणि घरात आजी!

मी आदल्या दिवशीच तिच्याकडून कबूल करून घेतलं, की काही झालं तरी कुणाची भाषा सुधारायची नाही. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला.

महेश आणि त्याचे आईवडील आले. आजीने स्वतः नारळाच्या वड्या केल्या होत्या. महेशचे वडील बोलू लागले आणि मी आतून बघत होते, प्रत्येक ‘हाय’ला आजी एक वडी स्वतःच्याच तोंडात कोंबत होती! यंदा भात बरा हाय, वडी. रस्ता लई खराब हाय, वडी. घर तुमचं झ्याक हाय, वडी. पाहुण्यांना वाटलं, बाईंना गोडाची आवड दिसते. मला मात्र बशी रिकामी होताना दिसत होती.

नेमका तेव्हाच त्यांनी विषय काढला. “बाई, घरात मोठ्या तुमी. तुमाला आमचा पोरगा पसंत हाय का नाय?”

आजीचा हात बशीकडे गेला. बशीत काही उरलं नव्हतं.

“नाही,” आजी ठणठणीत आवाजात म्हणाली.

बाबांच्या हातातला कप तसाच अधांतरी राहिला. महेशचे वडील उठले, टोपी नीट केली आणि पोराला “चल रं” म्हणाले. आजीला काही कळेचना. तिने फक्त शब्द दुरुस्त केला होता! मी चहाचा ट्रे, लाजणं, सगळं सोडून धावले आणि दारात आडवी उभी राहिले.

“ती ‘नाही’ नाही म्हणाली! तिने ‘नाय’चं ‘नाही’ केलं! म्हणजे ते ‘नाही’ म्हणजे नाही नाही...”

हे ऐकून महेशची आई काळजीने माझ्याकडे बघू लागली. शेवटी बाबांनी पाहुण्यांना सगळं समजावलं. महेशचे वडील दारातून मागे फिरले. मग घसा खाकरून, शाळेत फळ्यासमोर उभं राहावं तसे उभे राहून, त्यांनी एकेक शब्द जुळवला. “बाई, पोरगा पसंत... आहे... का... नाही?”

आजीचे डोळे भरून आले. ती उठली, त्यांच्यापुढे हात जोडले आणि म्हणाली, “हाय हो. लई पसंत हाय.”

जन्मात पहिल्यांदा! माझ्यासाठी! आजी जाऊन आता वर्ष होत आलं, पण तो ‘हाय’ अजून माझ्या कानात तसाच आहे. तेव्हा मला तिला मिठी मारायची होती, खूप काही बोलायचं होतं. पण तोंड उघडलं आणि आपोआप बाहेर पडलं, “आजी, ‘आहे’ म्हण.”

महेशच्या आईने महेशचा दंड धरला.

“अजून येळ हाय रं,” ती म्हणाली. “इचार कर.”