पोट बांधून मिठावर

"पदर बाजूला घे. पोट बघू दे."

मुकादम मलाच म्हणत होता. सकाळची वेळ. मिठागराच्या बांधावर वीस-बावीस जोडपी रांगेत उभी. पुढे माझा सासरा, मागे दीर, शेजारी नवरा. मी पदर घट्ट धरला. मुकादमाने काठीच्या टोकाने तो सारला. सगळ्यांनी पाहिलं.

"पाचवा लागलाय हिला. फळी मागं ठेवा."

मार्गशीर्षात मिठाचे वाफे वाटले जायचे, ते जोडीला. पुरुषाने फळीने मीठ ओढायचं, बाईने टोपलीने वाहून रास करायची. मुकादम जोडीच्या हातात फळी देई. फळी मिळाली की उन्हाळाभर चूल पेटली. पोटुशी बाई असली तर फळी नाही. ती मधेच बाळंत होणार, आणि ओली बाळंतीण वाफ्यात उतरली की मीठ बसत नाही, असं मालक म्हणायचे. खरं तर त्यांना टोपली उचलणारी बाई एक दिवसही रिकामी नको होती.

म्हणून आम्ही पोट बांधायचो. चौथ्या महिन्यापासून जुन्या लुगड्याची पट्टी करकचून आवळायची आणि बाळंत होईपर्यंत वाहायचं. सासूनेच शिकवलं. तिला तिच्या सासूने. माझं पहिलं मूल बांधावरच झालं, मेलेलं. दुसरं तीन दिवस जगलं. दोन्ही वेळा दहाव्या दिवशी मी टोपली उचलली होती. दुसऱ्यानंतर उभं राहिलं की अंग खाली उतरल्यासारखं वाटे. हे नवऱ्यालाही सांगायची लाज वाटायची.

नवरा त्या सकाळी पायाच्या अंगठ्याने चिखल उकरत राहिला. त्याचा राग आला. पण त्याहून मोठा प्रश्न डोक्यात घोंघावत होता. पट्टी तर बांधलेली होती. मग मुकादमाला कळलं कसं? महिनासुद्धा बरोबर?

घराबाहेर, गावात एकाच माणसाला ठाऊक होतं.

मालकीणबाई. त्यांची सून नुकतीच बाळंत झाली होती आणि तिचं अंग चोळायला मी रोज वाड्यावर जायची. सुनेला सव्वा महिना अंथरूण, डिंकाचे लाडू, खाली शेगडी. मालकीणबाई स्वभावाने गोड. आदल्या चैत्रात मिठाची चळवळ झाली तेव्हा खादी नेसून देवळापुढे बोलल्या होत्या, "मीठ गरिबाचं आहे, भगिनींनो!" आम्हाला भगिनी म्हणणारी पहिली बाई ती. मी भाळले.

सुनेला तपासायला अलिबागहून टांग्यातून डॉक्टरीणबाई आल्या, तेव्हा मी मालकीणबाईंच्या पाया पडले. "बाईसाहेब, दोन गेली. हे तरी राहू दे. मना पन दाखवा त्यांना."

त्यांनी दाखवलं. गोठ्याशेजारच्या खोलीत डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडली आणि कळवळून म्हणाल्या, "हे काय करून घेतलंस? पाचवा महिना आहे. पुन्हा आवळू नकोस. जड उचलू नकोस. दिवस भरत आले की सरळ माझ्याकडे ये." जन्मात पहिल्यांदा कोणीतरी माझ्या पोटावर हळू हात ठेवला होता. मी रडले. मालकीणबाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "कोणाला कळणार नाही हो," म्हणाल्या.

वाफे वाटायच्या दिवशी मी पट्टी पुन्हा बांधली. सैल बांधली. तेवढंच ऐकता आलं.

वाफा गेला त्याच दुपारी वाड्यावरून निरोप आला, सुनेचं अंग चोळायचं राहिलंय. मी गेले. तेलाची वाटी तयार होती. मी मालकीणबाईंना विचारलं, "मुकादमाला तुमी सांगितलंव?"

"अगं, तुझ्या भल्यासाठीच. नाहीतर तू ओझी वाहिली असतीस. आता विश्रांती मिळेल."

"इश्रांती चुलीवर शिजते काय, बाईसाहेब? भलंच करायचं व्हतं, तर टोपली हलकी करायची. फळी कशाला काढलीव?"

त्यांचा चेहरा उतरला. "तोंड फार सुटलंय तुझं. वाटी घे."

मी वाटी घेतली नाही. "सूनबायचं अंग आता तुमीच चोळा," म्हणाले आणि निघाले. शत्रूने मारलं तर माणूस सावध असतं. हिने पाठीवरून हात फिरवून मारलं. ते मी विसरले नाही, विसरणारही नाही.

नवरा रेवसच्या बोटीने मुंबईला गोदीत गेला. मी खाडीत तिसऱ्यांचे शिंपले काढून पोट भरलं. चैत्र सरताना चालत, थांबत, बसत अलिबाग गाठलं. मुलगी झाली. जिवंत.

परत आले तेव्हा पोट बांधलेल्या तिघी जणी परसदारी येऊन कुजबुजत विचारू लागल्या, दवाखाना कुठं हाय, बाय? मुकादमाला कळंल काय?

मी कुजबुजले नाही. म्हटलं, उद्याच जाऊ. मिठागराच्या बांधावरून, मुकादमाच्या खोपटावरून, दिवसाढवळ्या. पट्टी कोणी बांधायची नाही. डॉक्टरीणही आपली आणि वाफाही आपला, दोन्हीतलं एक सोडायला आपण यापुढे तयार नाही. एकीची फळी काढली, तर कुठल्याच बाईने टोपलीला हात लावायचा नाही.

मीठ पडू दे उन्हात. मालकीणबाईंनी उतरावं आणि भरावं.